उकळलेलं यीस्ट

भाऊजी गेल्या महिन्यात गेले. फारसं आजारी न पडता, कुणाला त्रास न देता, आपल्या खुर्चीतच. ते होते तोवर हे लिहिणं मला शक्य नव्हतं. आता हरकत घेणारं कुणी उरलेलं नाही, आणि मलाही पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोठ्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायची. तळघरात वाफेची दोन यंत्रं होती, आत माणूस उभा राहील एवढी. कात्र्या, चिमटे, कापडाचे गठ्ठे आत जायचे, जाड लोखंडी दार फिरवून घट्ट व्हायचं, वाफ सुटायची आणि तासाभराने सगळं बाहेर यायचं. प्रत्येक गठ्ठ्यावर भाऊजी चिठ्ठी चिकटवायचे. कधी भरलं, कधी काढलं, कुणी भरलं. त्यांच्या हातून गेलेल्या हत्याराने कुणाची जखम चिघळली, असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नाही. ही बढाई ते स्वतः कधी मारत नसत. ती ताई मारायची.

दवाखान्यात त्यांना सगळे 'उकळे' म्हणत. नव्या डॉक्टरांना ते खरं आडनाव वाटायचं, आणि ते "अहो उकळे" म्हणून हाक मारायचे तेव्हा भाऊजी निमूट ओ द्यायचे. घरीही तोच खाक्या. चमचे उकळायचे, कंगवे उकळायचे, पायपुसणीसुद्धा उकळायची. एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला राहिलो तर सकाळी माझा दाढीचा ब्रश पातेल्यात सापडला, अर्धा टकला होऊन. मी काचवाला. खिडक्यांच्या, कपाटांच्या काचा कापून बसवतो, त्यामुळे बोटं कायम कुठे ना कुठे कापलेली. मी दारात उभा राहिलो की भाऊजी आधी माझे हात बघायचे, मग तोंड. या माणसाचा मला राग यायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. ताईला याच्यात काय दिसलं, असा प्रश्न मी कित्येक वर्षं मनातल्या मनात विचारत आलो.

ताई अगदी दुसऱ्या टोकाची. इमारतीच्या गच्चीवर तिने मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवल्या होत्या. अकरा वर्षं त्या पेट्या तिने सांभाळल्या, त्याही उघड्या हातांनी. पोळं कापलं की सुरी चाटायची, बोटं चाटायची, वर भाऊजींना विचारायची, "उकळून देऊ का?" भाऊजी गच्चीच्या दारातच उभे राहायचे. पुढे यायची त्यांची छाती नव्हती, पण ती खाली उतरेपर्यंत ते तिथून हलायचेही नाहीत. मी याला भित्रेपणा म्हणायचो.

मग ताईच्या यकृतात गाठी निघाल्या. डॉक्टरांनी भाऊजींना ओळखीतला माणूस म्हणून बाजूला घेतलं आणि जास्तीत जास्त चार महिने असं सांगितलं. भाऊजींनी ते मला सांगितलं, मी ताईपासून लपवायचं ठरवलं, आणि ताईने आम्हा दोघांची तोंडं पाहून आपणच आकडा विचारून घेतला. पेट्या बघणारं कुणी उरलं नाही तेव्हा शहराबाहेरच्या एका मधवाल्याला तिने त्या देऊन टाकल्या. त्याआधी शेवटची पोळी कापून घेतली. सहा किलो मध निघाला.

त्या सहा किलोंचं काय करायचं हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. मध पाण्यात मिसळून, यीस्ट घालून आंबवायचा आणि त्याची दारू करायची. तिच्याकडे एक जुनं पुस्तक होतं, त्यात हिला 'मीड' म्हटलं होतं. कितीतरी वर्षं ती करू करू म्हणत होती आणि राहून जात होतं. तीन महिने झाले की पहिला घोट चाखता येतो, असं पुस्तकात लिहिलं होतं. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, जमेल, काठावर जमेल. मात्र तिला उठून बसवत नव्हतं. करणार कोण, तर भाऊजी.

आयुष्यात ज्या माणसाने जंतू मारण्यापलीकडे काही केलं नाही, त्याच्यावर जंतू पोसायची वेळ आली. हे मला पुढे कळलं; तेव्हा नुसतं, हा माणूस काहीतरी आंबवणार, याचंच हसू आलं होतं. मी वीस लिटरची जाड काचेची बरणी आणून दिली आणि तमाशा बघायला थांबलो. भाऊजींनी बरणी तीनदा धुतली. बूच उकळलं, नळी उकळली, ढवळायचा दांडा उकळला. मधाचं पाणी अर्धा तास उकळलं. जंतू राहू नयेत म्हणून पुस्तकात चिमूटभर गंधकाच्या क्षाराची पूड घालायला सांगितली होती, ती भाऊजींनी दुप्पट घातली आणि वर पुन्हा थोडी भुरभुरवली. मग यीस्टची पुडी हातात घेऊन ते बराच वेळ विचार करत उभे राहिले. ही कुठल्या कारखान्यातून आली, कुणी भरली, कुणाचे हात लागले, काही पत्ता नाही. त्यांनी वाटीभर उकळत्या पाण्यात ती पुडी ओतली, दहा मिनिटं चांगली खळखळू दिली, आणि मग समाधानाने बरणीत घातली.

मी हे सगळं पाहत होतो. यीस्ट जिवंत असतं एवढं मलाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे या एका बाबतीत त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

बरणीच्या बुचात एक वाकडी नळी बसवली होती आणि नळीत थोडं पाणी. आत मध आंबायला लागला की वायू सुटतो आणि त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो. बुडूक, बुडूक. ताईने बरणी आपल्या खोलीच्या दाराबाहेर, बोळात ठेवायला लावली, म्हणजे पडल्या पडल्या ऐकू येईल. दुसऱ्या दिवशी ऐकू येईल असं पुस्तक म्हणत होतं. दुसरा गेला, चौथा गेला, सातवा गेला. बरणी मुकी. भाऊजी यीस्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, यीस्ट उकळल्याचं कळल्यावर आतल्या माणसालाही बोलावून ऐकवलं, आणि हसून झाल्यावर दुसरी पुडी दिली. ती या वेळी भाऊजींनी उकळली नाही. पण बरणीत गंधक इतकं होतं की तीही मेली. भाऊजी पुन्हा गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, हे ओतून द्या आणि दुसरा मध आणा.

दुसरा मध कुठला आणायचा? गच्चीवर पेट्यांच्या जागी चार चौकोनी डाग उरले होते.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी दुपारी गेलो तर बोळातून आवाज येत होता. बुडूक, बुडूक. मी खूश होऊन आत आलो आणि पाहिलं. दाराच्या आडोशाला, ताईला दिसणार नाही अशा बेताने, भाऊजी एका पाटावर बसले होते. तोंडात पातळ रबरी नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात, आणि ते सावकाश, मोजून मापून फुंकत होते. मला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवायचा प्रयत्न केला, पण तिथे नळी होती.

मी त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि काय बोलू नये ते बोललो. मरायला टेकलेल्या बाईला फसवता, लाज वाटत नाही, वगैरे. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्या दिवसापासून ती दर तासाला 'सुरू झालं का' विचारत होती, असं ते म्हणाले. एकदा ते हो म्हणून बसले. मग आवाज काढणं भाग पडलं. पेल्यातलं पाणी उकळलेलंच आहे, हेही त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

असे पाच आठवडे गेले. भाऊजी सकाळी फुंकायचे, दुपारी फुंकायचे, संध्याकाळी फुंकायचे. गाल आत गेले. पुढचा सगळा प्रकार घडला तो एका मंगळवारपासून. त्या दिवशी भाऊजी औषधं आणायला गेले होते, मी ताईजवळ बसलो होतो. ती अंथरुणात एवढीशी झाली होती, पण जीभ तीच.

"हे फुंकतात," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

मी कानावर हात ठेवायच्या तयारीत होतो. तिने मला ती संधीच दिली नाही.

"जेवायच्या वेळी बरणी बरोबर सुट्टी घेते. परवा ह्यांना ठसका लागला, तर बरणीलाही लागला." ती हसली, आणि हसल्यामुळे जे दुखलं ते जाईपर्यंत डोळे मिटून राहिली. "आणि वास नाही. मध आंबला की घरभर वास सुटतो. माझं बाकी सगळं गेलं असेल, नाक आहे अजून."

मी म्हटलं, मग त्यांना सांगत का नाहीस. तर म्हणाली, दिवसभर पाटावर बसून फुंकणाऱ्या माणसाला काय सांगू. मला कळलंय हे त्यांना कळलं तर ते तोंड कुठे लपवतील.

मग तिने उशीखालून खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली काढली. तिच्यात मध होता, शेवटच्या पोळ्यातलाच, तिने घशासाठी म्हणून बाजूला ठेवलेला. नुसता कपड्यातून गाळलेला, उकळे साहेबांचा हात न लागलेला. कच्च्या मधात मुळातच यीस्ट असतं, तिने मला समजावलं. मध दाट असतो तोवर ते झोपून राहतं, पाणी मिळालं की उठतं. पहिल्या आठवड्यात बोळातून गंधकाचा वास यायचा, आता येत नाही, म्हणजे ते उडून गेलं असणार.

"बरणीत ओत, खूप ढवळ आणि बूच लाव. आजच. ह्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटू दे, त्यांचंच उशिरा सुरू झालं."

मी बाटली घेतली. तेवढ्यात भाऊजी आले आणि थेट बोळात जाऊन बसले. बरणीपाशी जायला वाव नव्हता. खाली माझा टेम्पो उभा होता, त्यात एका केशकर्तनालयाचा पुरुषभर उंचीचा आरसा होता आणि तो गृहस्थ फोनवर फोन करत होता. उद्या ओतू, असं म्हणून मी बाटली हत्यारांच्या पिशवीत टाकली आणि निघालो.

उद्या गेलो नाही. परवाही नाही. कामं होती हे खरं, पण कामं मला नेहमीच असतात. खरं कारण असं की त्या घरात गेलं की मला गुदमरायचं. तिचं पिवळं पडलेलं तोंड, तो फिनेलचा वास, पाटावर बसलेले भाऊजी. मला पळ काढायला निमित्त लागायचं आणि काचा कुणाच्या तरी रोजच फुटतात.

गुरुवारी ताईने फोन केला. आवाज खोल गेला होता. तिने एवढंच विचारलं, "घातलास?"

मी म्हटलं, "हो. त्याच दिवशी, निघताना."

भाऊजींना खोटारडे म्हणणारा मी. मला तेवढा एक शब्द बोलायला अर्धा क्षणही लागला नाही. उद्या जाऊन घालतोच आहे, मग खोटं कसलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी भाऊजींचा फोन आला. ते गोंधळले होते. ताई दुपारचं दुखण्याचं औषध घेईनाशी झाली होती. ते घेतलं की गुंगी येते आणि नाकाला काही कळत नाही, असं म्हणत होती. ओठ चावत पडून राहते पण गोळी तोंडात घेत नाही. नाकाला काय कळायचं आहे, हे भाऊजींना समजत नव्हतं. तुला काही बोलली का, त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं.

मला समजलं होतं. ती वास येण्याची वाट पाहत होती. फोन ठेवून मी उठायला हवं होतं, पिशवी उचलायला हवी होती, वीस मिनिटांचा रस्ता होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरवलं. सकाळी एका शाळेच्या अकरा खिडक्या निघाल्या, आणि त्यांनी बुधवार उजाडवला.

बुधवारी दुपारी भाऊजींनी बोलावून घेतलं, लगेच ये म्हणाले. मी होतो तसा निघालो. पिशवी शाळेत राहिली, बाटली पिशवीत.

ताई शुद्धीवर होती. मला पाहून तिने भाऊजींकडे चाखायला मागितलं. भाऊजींचा चेहरा उतरला. अजून महिना व्हायचाय, कच्चं असेल, असं ते म्हणत राहिले. ती म्हणाली, असू दे. मग त्यांनी चमचा उकळला, गार होऊ दिला, बरणीचं बूच काढून चमचाभर आणलं आणि तिच्या ओठांना लावलं. तिने ते बराच वेळ तोंडात धरून ठेवलं. भाऊजींना म्हणाली, छान आहे हो. ते चमचा धुवायला गेले, किंवा रडायला गेले असतील, नळाचा आवाज येत होता.

ताईने मान माझ्याकडे वळवली.

"मधाचं पाणीच आहे," ती म्हणाली. "घातला नाहीस तू."

मी तिचा हात धरला. तो तिने काढून घेतला नाही, पण बोटं मिटलीही नाहीत.

"बाटली आहे ना? मग घाल. मी नसले तरी घाल." मग नळाकडे कान देऊन, "आणि ह्यांना सांगू नकोस. काहीच सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

माणसं आली, माणसं गेली. चौथ्या दिवशी घर रिकामं झालं, भाऊजी अंघोळीला गेले आणि मी बूच काढून ती बाटली बरणीत ओतली. दांड्याने ढवळत राहिलो, हात भरून येईपर्यंत. आधी हे करायला मला किती वेळ लागला असता? घड्याळ लावलं नव्हतं, पण पाच मिनिटांच्या वर नाही.

आणखी पाच दिवसांनी भाऊजींचा फोन आला. त्यांनी फोन नुसता बरणीपाशी धरला होता. बुडूक. मध्ये बराच वेळ गेला. बुडूक. मी गेलो तेव्हा जिन्यातच वास आला, गोड, आंबूस, पावाच्या भट्टीजवळून जाताना येतो तसा. भाऊजी पाटावर बसले होते, या वेळी तोंडात काही नव्हतं. दुसरी पुडी मेली नव्हती, त्यांनी मला सांगितलं, नुसती उशिरा उठली. "मी मारली नव्हती रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग म्हणाले, "नऊ दिवस लवकर गेली बघ."

मी मान डोलावली.

हे वाक्य मी पुढे सात वर्षं ऐकलं. दर भेटीत, कधी चहा ओतताना, कधी मी निघताना. नऊ दिवस लवकर गेली. दर वेळी मी मान डोलावत आलो. मनातल्या मनात मात्र माझी वजाबाकी चालायची. त्या मंगळवारी ओतलं असतं तर रविवारी सुरू झालं असतं. रविवार ते बुधवार, चार दिवस तिला खरं ऐकू आलं असतं. वास आला असता. गोळी तोंडात घेऊन झोपली असती. सांगून मोकळं व्हावं, भाऊजींनी चार शिव्या द्याव्यात, असं मला किती वेळा वाटलं. पण सांगायचं तर ती पुडी त्यांनीच मारली होती हेही सांगावं लागलं असतं, आणि तिला सगळं माहीत होतं हेही. माफी मागायची माझी वाटच ताईने बंद करून ठेवली होती. तिने ते मला शिक्षा म्हणून केलं की नवऱ्याच्या मायेने, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक नवऱ्याच्या मायेने. माझा विचारही तिच्या मनात नसेल, आणि तेच जास्त लागतं.

भाऊजींनी त्या बरणीच्या बाटल्या भरल्या आणि मोजक्याच ठेवून बाकीच्या वाटल्या. दर वर्षी तिच्या दिवशी एक उघडायचे, दोन घोट मला, दोन स्वतःला, उरलेली हळूहळू. मी माझे दोन घोट औषधासारखे गिळायचो आणि चव विचारली की चांगली आहे म्हणायचो.

गेल्या आठवड्यात घर आवरायला गेलो. पाट बोळातच होता. वरच्या फळीवर पुसून ठेवलेली शेवटची बाटली सापडली. तिच्यावर दवाखान्यातल्या गठ्ठ्यांवर असायची तशी चिठ्ठी, त्याच ठसठशीत अक्षरात. भरल्याची तारीख. खाली: सुरू झालं, ती गेल्यावर नवव्या दिवशी. त्याखाली: भरणारा, उकळे.

मी बाटली उघडली, पेल्यात ओतली आणि उभ्या उभ्या प्यालो. या वेळी घाई केली नाही, तिने धरलं होतं तसं तोंडात धरून ठेवलं. गोडवा नावालाही उरला नव्हता. भाऊजींच्या रिकाम्या पाटाकडे बघून मी मोठ्याने म्हणालो, "ती लवकर नाही गेली, भाऊजी. मी उशिरा आलो."

नंतर पेला धुतला, आणि धुऊन भागेना म्हणून पातेल्यात पाणी ठेवून उकळायला घातला.